मुंबईवर पडणार म्हणे! २०२४ वायआर४चा पाठलाग

गच्चीवरचा
१ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:४०

काल जेवताना आईने विचारलं, "अरे, २०३२ला मुंबईवर दगड पडणार आहे म्हणे. मामाला सांग, डोंबिवलीचा फ्लॅट विकून टाक." मामाने तो फ्लॅट आत्ता कुठे कर्ज फेडून मोकळा केलाय. म्हणून हा धागा. बातम्यांमध्ये लाल बाण आणि धडाम आवाज दाखवतात, पण धडकेच्या शक्यतेचा आकडा येतो कुठून आणि रोज का बदलतो, हे कुणी सांगत नाही.

आधी नावाचं बघू. २०२४ वायआर४ हे या लघुग्रहाचं नाव म्हणजे एक टोकन नंबर आहे. वर्षाचे चोवीस पंधरवडे, प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर. 'वाय' म्हणजे डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा. पुढचं अक्षर आणि आकडा म्हणजे त्या पंधरवड्यातला अनुक्रम. 'आय' वगळून पंचवीस अक्षरं, चार फेऱ्या पूर्ण झाल्या की शंभर, आणि 'आर' सतरावं. म्हणजे हा ११७वा. थोडक्यात, याच्याआधी त्याच पंधरवड्यात ११६ जणांना टोकन मिळालं होतं आणि त्यांच्याबद्दल आईने मला काही विचारलेलं नाही.

हा सापडला २७ डिसेंबरला, चिलीतल्या रिओ उर्तादो इथल्या ॲटलास दुर्बिणीला. ॲटलासच्या दुर्बिणी अर्ध्या मीटरच्या, म्हणजे फार मोठ्या नाहीत, पण त्या रोज आकाश झाडून काढतात. आणि गंमत बघा, पृथ्वीच्या सर्वांत जवळ तो २५ डिसेंबरलाच येऊन गेला होता, सुमारे ८ लाख २९ हजार किलोमीटरवरून. आला सूर्याच्या बाजूने, दिवसाउजेडी, आणि दिसला पाठमोरा.

एका रात्री एका दुर्बिणीने टिपलेले तीन-चार ठिपके म्हणजे शोध नव्हे, ती नुसती चाहूल. तासाभरात तो आकाशात किती सरकला एवढंच त्यातून कळतं. जवळचा लहान दगड हळू चाललाय की लांबचा मोठा दगड जोरात, दोन्ही कथा त्याच ठिपक्यांत बसतात. म्हणून ही स्थानं अमेरिकेतल्या केंब्रिजच्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे, म्हणजे लघुग्रहांच्या जागतिक नोंदणी कचेरीकडे, जातात. तिथे एक प्रोग्राम त्यांना शंभरपैकी गुण देतो, आणि पासष्ट किंवा जास्त मिळाले की ती वस्तू 'कन्फर्मेशन पेज'वर चढते. मग जगभरातले लोक, त्यात पगारी कमी नि हौशी बरेच, त्या पानावरून भाकीत स्थानं उतरवून घेतात आणि आपापल्या दुर्बिणी तिकडे वळवतात. सापडला तर अंश-कला-विकलांत (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा विकला) मोजून परत पाठवतात. कक्षा सुधारते, पुढची भाकितं सुधारतात, अजून कुणीतरी बघतं. हे चक्र चाललं तर लघुग्रह हाती राहतो, नाहीतर हरवतो. हरवलेले ढिगाने आहेत.

या बाबतीत चक्र चाललं. २७ जानेवारीला धडकेची शक्यता एक टक्क्याच्या वर गेली आणि धोका मोजायच्या शून्य ते दहा अशा टोरिनो पट्टीवर त्याला ३ आकडा मिळाला. २९ला आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळ्याने रीतसर सूचना काढली. धडकेची संभाव्य तारीख २२ डिसेंबर २०३२. जिथे पडू शकेल ती जागा म्हणजे एक लांबलचक पट्टा: पूर्व प्रशांत महासागर, दक्षिण अमेरिकेचं उत्तर टोक, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र, दक्षिण आशिया. त्यात मुंबई येते हे खरं. त्या पट्ट्यातल्या बाकीच्या निम्म्या जगाचं नाव मात्र आपल्या बातम्यांत आलं नाही.

प्रश्न विचारा. मला येतं तेवढं सांगतो, बाकी इथले जाणकार आहेतच.


काळजीवाहू
१ फेब्रुवारी, रात्री ११:१५

छान लिहिलंय, पण झोप उडाली ती उडालीच. शंभरात एक म्हणजे कमी कसं हो? शंभरातली एक हमखास उलटते अशा एसटीत तुम्ही बसाल का?


बारा_वाजले
१ फेब्रुवारी, रात्री ११:५२

बजेटचे दिवस आले की आकाशातून दगड येतात. २०३२पर्यंत कोणाला आठवणारे. चालू द्या.


विदागार
२ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

@काळजीवाहू, एसटीची उपमा फसवी आहे. शंभरात एक उलटते हे आपण झालेल्या फेऱ्या मोजून म्हणतो. इथे फेरी एकच आहे, आणि ती उलटणार की नाही हे आत्ताच ठरलेलं आहे. दगडाची कक्षा पक्की आहे, आपल्याला ती पुरेशी माहीत नाही. एक टक्का हे आपल्या अज्ञानाचं माप आहे, दगडाच्या मनातल्या चलबिचलीचं नव्हे.

करतात काय, तर आत्तापर्यंतच्या सगळ्या वेधांशी जुळतील अशा असंख्य कक्षा काढतात. प्रत्येक कक्षेवर एक काल्पनिक दगड सोडून देतात आणि २०३२पर्यंत पळवतात. त्यातले किती पृथ्वीवर आपटले हे मोजतात. २०३२ येईपर्यंत हा काल्पनिक थवा पांगून लाखो किलोमीटर लांबीची माळ झालेली असते. त्या माळेत पृथ्वी हा एक छोटा मणी.

आता एक भविष्य सांगून ठेवतो. येत्या दिवसांत हा आकडा बहुतेक वाढेल. घाबरू नका. का वाढेल ते वाढल्यावर सांगतो.


चकलीताई
२ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

वाखुसा (वाचनखूण साठवली). आणि @बारा_वाजले, तुमच्यासाठी पॉपकॉर्न ठेवलेत.


आप्पा_देवरुख
२ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

गच्चीवरचा, उत्तम धागा. 'भाकीत स्थान' म्हणालात त्यावरून आठवलं. आमच्या घरी पंचांगाचा वाद दोन पिढ्या चालला. जुन्या पंचांगातली ग्रहस्थिती आकाशाशी जुळेना. व्यंकटेश बापूजी केतकरांसारखे लोक म्हणत होते की जे पंचांग डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशाशी जुळत नाही ते दुरुस्त करा. त्याला शब्द होता दृक्प्रत्यय. गणित सांगतं ग्रह इथे आहे, दृष्टी सांगते तिथे आहे. खोटं गणित ठरतं, ग्रह नव्हे. तुमचे दुर्बीणवाले रोज रात्री हेच करतात असं दिसतंय. आमचे आजोबा ग्रहणाच्या वेळी घड्याळ घेऊन अंगणात बसत, स्पर्श कितीला झाला ते पंचांगाच्या समासात लिहीत. दोन-तीन मिनिटांचा फरक आला तरी दिवसभर चिडलेले असत.


गच्चीवरचा
२ फेब्रुवारी, दुपारी १:२५

आप्पा, 'दृक्प्रत्यय'साठी साष्टांग. आमच्याकडे याला 'निरीक्षित वजा गणित' म्हणतात आणि आजोबांच्या समासासारखाच त्याचा एक रकाना असतो. त्यात दोन विकलांच्या वर आकडा दिसला की मीही दिवसभर चिडलेला असतो, फक्त चिडायला अंगण नाही.


मृगशीर्ष
२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

भाकीत खरं ठरल्याची सगळ्यात भारी गोष्ट २००८ टीसी३ची. माझी आवडती, म्हणून जरा लांबण लावतो.

६ ऑक्टोबर २००८. ॲरिझोनात माउंट लेमनवरच्या दीड मीटर दुर्बिणीवर कॅटालिना सर्वेक्षणाचे रिचर्ड कोवाल्स्की ड्यूटीवर. एक सरकता ठिपका दिसला, नेहमीप्रमाणे पाठवून दिला. मायनर प्लॅनेट सेंटरच्या संगणकाने कक्षा काढली तर उत्तर आलं, हा उद्या पृथ्वीवर येतोय. असं याआधी कधीच झालं नव्हतं. शोध लागल्यापासून आदळेपर्यंत हातात वीस तासही नव्हते.

मग जगभर एकच धांदल. तेवढ्या वेळात डझनावारी वेधशाळांनी मिळून सुमारे पावणेसहाशे वेध पाठवले. त्यावरून सांगितलं गेलं: उत्तर सुदान, न्युबियाचं वाळवंट, पहाटे, जागतिक वेळेनुसार २ वाजून ४६ मिनिटं. आणि दगड तिथे, त्याच मिनिटाला आला. चारेक मीटरचा असल्यामुळे उंचावरच फुटला. एका प्रवासी विमानाच्या वैमानिकाला आधीच कळवून ठेवलं होतं, त्याला चौदाशे किलोमीटरवरून लकाकी दिसली.

खरी मजा पुढे. खार्तूम विद्यापीठाचे मुआविया शद्दाद आणि उल्कातज्ज्ञ पीटर येनिस्केन्स विद्यार्थ्यांची फौज घेऊन वाळवंटात गेले. हातात हात नाही, पण जवळजवळ तसंच, रांग करून वाळू विंचरत चालले. आणि तुकडे सापडले, शेकडो, मिळून दहा किलोच्या वर. जवळच्या रेल्वे ठाण्याचं नाव स्टेशन सहा, अरबीत अल्महाता सित्ता. तेच नाव त्या उल्कापाषाणांना मिळालं. काल आकाशातला ठिपका, आज खिशातला खडा. पाठलाग चोख झाला तर काय होतं ते हे.

त्यानंतरही असे काही आदळण्याआधी सापडले. हंगेरीचे क्रिस्तियान शार्नेत्स्की यांनी एकट्याने तीन पकडलेत. त्यातला फेब्रुवारी २०२३मधला नॉर्मंडीवर पडला, सापडल्यावर सातेक तासांत. साठ सेंटिमीटरची दुर्बीण आणि चिकाटी, बस.


काळजीवाहू
२ फेब्रुवारी, रात्री १०:०२

म्हणजे सात तास आधी कळतं?? ही दिलासा देणारी गोष्ट होती का?


मृगशीर्ष
२ फेब्रुवारी, रात्री १०:१५

@काळजीवाहू, ते लहान होते म्हणून उशिरा दिसले. मोठा दगड लांबूनच दिसतो. अपवाद सूर्याच्या बाजूने येणाऱ्यांचा. १५ फेब्रुवारी २०१३ला चेल्याबिन्स्कवर फुटलेला साधारण वीस मीटरचा दगड तसाच आला, कुणालाही आधी दिसला नाही. फुटलेल्या काचांनी दीड हजार माणसं जखमी झाली. लखलखाट बघायला सगळे खिडकीशी गेले आणि मग धक्क्याची लाट आली. हे मात्र लक्षात ठेवा: आकाशात भलतंच काही चमकलं तर खिडकीशी जायचं नाही.


शाळामास्तर
३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

आमच्या शाळेतली मुलं लघुग्रह शोध मोहिमेत भाग घेतात, तर थोडा अनुभव. आयएएससी नावाचा अमेरिकेतला उपक्रम आहे. हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या प्रतिमांचे संच शाळांना मिळतात. मुलं चार प्रतिमा एकामागोमाग झळकवून सरकणारा ठिपका शोधतात आणि ॲस्ट्रोमेट्रिका या प्रोग्रामात मोजून अहवाल पाठवतात.

मुलांना फार आवडतं. मला छळतं ते पुढचं. प्राथमिक नोंदीचं प्रमाणपत्र आलं की दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात मथळा: 'आठवीतल्या विद्यार्थ्याने लावला लघुग्रहाचा शोध', आणि शेजारी सरपंचांसोबत फोटो. पालकांना वाटतं आता नावही ठेवायला मिळणार. प्राथमिक नोंद म्हणजे धागालेखक म्हणतात तशी चाहूल. ती वस्तू पुन्हा दिसायला हवी, मग तात्पुरतं नाव, मग अनेक वर्षांचे वेध जमून कक्षा पक्की झाली की क्रमांक, आणि क्रमांक मिळाल्यावर नावाचा विचार. मुलाला हे समजावून सांगितलं तर तो समजतो. बापाला समजावणं अवघड.

जाता जाता, भारतातली परंपरा जुनी आहे. नॉर्मन पॉगसन यांनी १८६१मध्ये मद्रास वेधशाळेतून लघुग्रह शोधला, क्रमांक ६७, नाव 'एशिया'. आशियातून सापडलेला पहिला. नंतर पार १९८८मध्ये कावलूरहून आर. राजमोहन यांनी ४१३० शोधला, त्याचं नाव 'रामानुजन'.


भोचक_भवानी
३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:०५

@गच्चीवरचा, एवढं सांगताय तर तुम्ही बघितलात का हा वायआर४? फोटो टाका की.


गच्चीवरचा
३ फेब्रुवारी, रात्री ११:३०

@भोचक_भवानी, नाव सार्थ केलंत. नाही बघितला. सापडला तेव्हा साडेसोळाव्या प्रतीचा होता (प्रतीचा आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधूक), माझ्या आठ इंची दुर्बिणीने आणि कॅमेऱ्याने भोरजवळच्या सासुरवाडीच्या गच्चीवरून मोठ्या कष्टाने जमला असता. पण तेव्हा कुणाला त्याचं महत्त्व कळलं होतं? महत्त्व कळेपर्यंत तो लांब गेला आणि इतका अंधूक झाला की आता मोठ्या दुर्बिणींचंच काम उरलंय. हौशी माणसाची खिडकी पहिल्या काही रात्रींचीच असते.

फजिती सांगू का? दोन वर्षांपूर्वी एक ताजा जवळचा लघुग्रह निवडला, सोळाव्या प्रतीचा, मिनिटाला वीस विकला सरकणारा. भाकीत स्थानांचा तक्ता छापून घेतला. विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांश, टाकले, दुर्बीण वळवली, फोटो घेतले, एकावर एक रचले. काही नाही. पुन्हा घेतले. काही नाही. रात्री दोन वाजता सासरे गच्चीवर आले आणि म्हणाले, "जावईबापू, हरवलंय काय?" म्हटलं, लघुग्रह. ते शांतपणे खाली गेले.

सकाळी चहा पिताना लक्षात आलं. तक्ता जागतिक वेळेतला होता आणि मी भारतीय वेळेची ओळ वाचत होतो. साडेपाच तास. मिनिटाला वीस विकला म्हणजे साडेपाच तासांत ६,६०० विकला, पावणेदोन अंशांहून थोडं जास्तच. माझ्या कॅमेऱ्याचं अख्खं क्षेत्रच एक अंश नाही. मी रात्रभर जिथे बघत होतो तिथे तो साडेपाच तासांनी, म्हणजे उजाडल्यावर, पोचणार होता.

दुसरा सापळा जागेचा. तक्ता मागवताना वेधशाळेचं ठिकाण सांगावं लागतं, नाहीतर पृथ्वीच्या केंद्रातून दिसणारं स्थान मिळतं. लांबच्या लघुग्रहाला फरक पडत नाही. पण वायआर४ जितका जवळ आला होता तितक्या अंतरावर हा फरक पंचवीस कलांपर्यंत जातो, म्हणजे जवळपास पौर्णिमेच्या चंद्राएवढा. पृथ्वीच्या केंद्रात सासुरवाडी असलेल्यांनाच तो तक्ता उपयोगी.

आणि घड्याळ. लॅपटॉपचं घड्याळ तीन सेकंद मागे असेल आणि वस्तू सेकंदाला एक विकला पळत असेल, तर तुमचा वेध तीन विकला खोटा. मी आता जीपीएसवरून वेळ घेतो.


सह्यकडा
४ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

सासरेबुवांना दंडवत. अधिकृत वेध पाठवायला परवाना लागतो का? माझ्याकडे सहा इंची आहे.


गच्चीवरचा
४ फेब्रुवारी, रात्री ९:१०

परवाना नाही, वेधशाळेचा कोड लागतो, तीन अक्षरांचा. त्यासाठी क्रमांक मिळालेले, म्हणजे कक्षा पक्की असलेले काही लघुग्रह निदान दोन रात्री मोजून पाठवायचे. तुमची स्थानं गणिताशी विकलाभराच्या आत जुळली की कोड मिळतो. सहा इंची पुरते, मुख्य पट्ट्यातले पंधराव्या-सोळाव्या प्रतीचे घ्या. ताऱ्यांची सूची गाया उपग्रहाची वापरा. सुरुवातीलाच नवीन लघुग्रहाच्या मागे लागू नका, माझ्यासारखी रात्र जाईल.


काळजीवाहू
८ फेब्रुवारी, सकाळी ६:४५

दोन टक्क्यांच्या वर गेला!! @विदागार, कुठे आहात?


विदागार
८ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

हजर. समजा अंगणात कानातलं पडलंय. कुठे पडलं काही कल्पना नाही, म्हणजे अख्खं अंगण शोधायचं. अंगणाच्या मध्यात तुळशीवृंदावन आहे, त्याने अंगणाचा शंभरावा भाग व्यापलाय. कानातलं वृंदावनात असण्याची शक्यता शंभरात एक. मग आई म्हणते, गोठ्याकडे मी गेलेच नव्हते. अर्धं अंगण बाद. वृंदावन मात्र उरलेल्या अर्ध्यात आहे, म्हणून तिथली शक्यता झाली शंभरात दोन. अजून एक कोपरा बाद, झाली तीन. कानातलं हललं नाही, वृंदावनही हललं नाही, फक्त शोधायची जागा आक्रसली. आणि मग शेवटी आईला आठवतं की ती विहिरीपाशी वाकली होती. वृंदावन एका क्षणात बाद. शक्यता शून्य.

पृथ्वी हे वृंदावन. नवे वेध आले की माळ आखूड होते. पृथ्वी माळेत आहे तोवर टक्का चढतो, आणि ती माळेबाहेर पडली की कोसळतो. बहुतेक वेळा असंच होतं.

आता थोडं गणित, ज्यांना नको त्यांनी पुढे जा. पृथ्वी सेकंदाला सुमारे तीस किलोमीटर धावते. तिचा व्यास १२,७४२ किलोमीटर. म्हणजे स्वतःच्या रुंदीएवढं अंतर ती सात मिनिटांत कापते. वायआर४ची प्रदक्षिणा जवळजवळ चार वर्षांची आहे, म्हणून तर तो २०२८ला आणि २०३२ला परत येतो. धडक व्हायची तर दोन प्रदक्षिणा करून त्याने त्या चौकात नेमक्या त्या सात मिनिटांत पोचायला हवं. आठ वर्षं म्हणजे बेचाळीस लाख मिनिटं. बेचाळीस लाखांत सात मिनिटं इतकं अचूक सांगायचंय, तेही महिन्या-दीड महिन्याच्या वेधांवरून. लोकलचं इतकं नेमकं कुणी सांगून दाखवावं.


बारा_वाजले
८ फेब्रुवारी, सकाळी ११:००

अंगण आता कुणाकडे आहे? पार्किंग झालं सगळ्यांचं. (पण समजलं. धन्यवाद.)


चकलीताई
८ फेब्रुवारी, सकाळी ११:०४

बारा_वाजले यांनी धन्यवाद म्हटलं! दगड बहुतेक खरंच पडणार.


मृगशीर्ष
१३ फेब्रुवारी, रात्री ८:३०

काल पौर्णिमा झाली, त्यामुळे काही दिवस वेध जवळपास थांबलेत. इतका मंद ठिपका चांदण्यात बुडतो. तोवर ॲपोफिस या लघुग्रहाची आठवण, कारण टोरिनो पट्टीवरचा त्याचा विक्रम अजून अबाधित आहे. जून २००४मध्ये ॲरिझोनातल्या किट पीकवरून सापडला, हरवला, डिसेंबरात ऑस्ट्रेलियातून पुन्हा दिसला. २७ डिसेंबरला त्याच्या २०२९मधल्या धडकेची शक्यता २.७ टक्क्यांवर गेली, टोरिनो पट्टीवर ४. या पट्टीवर इतका वरचा आकडा तेव्हाही आणि नंतरही कुणाला मिळालेला नाही. आपल्या लक्षात नसेल, कारण आदल्याच दिवशी त्सुनामी आली होती आणि जगाचं लक्ष तिकडे होतं.

सुटका कशी झाली? जुन्या फोटोंतून. स्पेसवॉच सर्वेक्षणाच्या मार्चमधल्या प्रतिमांत तो आधीच टिपला गेला होता, कुणी ओळखला नव्हता. ती स्थानं जोडल्यावर वेधांचा पल्ला लांबला आणि पृथ्वी माळेबाहेर गेली. म्हणजे पाठलाग पुढेच करायचा असं नाही, मागेही करता येतो. १३ एप्रिल २०२९ला ॲपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, धडकणार नाही.


आप्पा_देवरुख
१४ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

पहिल्याच लघुग्रहाची कथाही अशीच ना? १ जानेवारी १८०१ला पालेर्मोत पियाझीला सेरेस दिसला. फेब्रुवारीच्या ११ तारखेपर्यंत त्याने पाठलाग केला, मध्ये आजारी पडला, आणि मग सेरेस सूर्याच्या उजेडात गडप. सगळा युरोप शोधत बसला. चोवीस वर्षांच्या गाउसने तेवढ्या थोड्या वेधांवरून कक्षा काढली आणि वर्षअखेरीस तो सांगितल्या जागेच्या जवळच सापडला. चाळीसेक दिवसांचे वेध, कागद आणि टाक. आम्हाला कॉलेजात वेधांवर कक्षा बसवायला वापरतात ती 'लघुतम वर्ग रीत' शिकवली तेव्हा ही गोष्ट कुणी सांगितली असती तर गणितात जास्त गुण पडले असते.


काळजीवाहू
१९ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

३.१ टक्के. मी काही बोलत नाही.


विदागार
२० फेब्रुवारी, सकाळी ७:३०

@काळजीवाहू, उठा. काल रात्रीचे वेध धरून दीड टक्का. आई विहिरीपर्यंत पोचतेय.


गच्चीवरचा
२५ फेब्रुवारी, रात्री ९:००

काल नासाने आकडा दिला: ०.००४ टक्के. टोरिनो पट्टीवर शून्य. मामाला फोन केला. तो म्हणाला, "मी तर जाहिरातच दिली नव्हती." आईने मात्र विचारलं, "मग इतके दिवस खोटं सांगत होते का?" तिला अंगणाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "कानातलं सापडलं ना, मग झालं."

एक खंत आहे. ३.१ टक्क्याची बातमी पहिल्या पानावर होती, ०.००४ची आतल्या पानावर चार ओळींत.


शाळामास्तर
३ एप्रिल, संध्याकाळी ५:४०

भर घालतो. जेम्स वेब दुर्बिणीने मार्चमध्ये त्याला अवरक्त प्रकाशात बघितलं. आकार सुमारे साठ मीटर निघाला. आधी ४० ते ९० म्हणत होते, कारण नुसत्या उजेडावरून लहान चकचकीत दगड आणि मोठा काळा दगड यांत फरक करता येत नाही, उष्णतेवरून येतो. नव्या वेधांनी कक्षा आणखी सुधारली आणि चंद्रावर आदळण्याची शक्यता ३.८ टक्के निघाली. आठवीच्या वर्गात सांगितलं तर सगळ्यांनी एका सुरात 'आपटू दे' म्हटलं.


काळजीवाहू
३ एप्रिल, संध्याकाळी ६:००

चंद्राचं अंगणही आक्रसतंय म्हणायचं. बघा, शिकले मी.


मृगशीर्ष
५ जुलै २०२५, रात्री १०:५०

धागा वर काढतोय, कारणही तसंच आहे. रिओ उर्तादोच्या त्याच ॲटलास दुर्बिणीला १ जुलैला एक ठिपका दिसला. नेहमीप्रमाणे कन्फर्मेशन पेजवर चढला. लोकांनी वेध पाठवले, कक्षा बसवायला घेतली तर ती बसेना. लंबवर्तुळच होईना. उत्केंद्रता, म्हणजे कक्षा किती ताणलेली आहे त्याचं माप, सहाच्या पुढे! एकाच्या वर गेली की वस्तू सूर्याची बांधील नसते, ही तर सरळ बाहेरून आलेली. लगेच जुन्या प्रतिमा उकरल्या, जूनच्या मध्यापर्यंतची स्थानं मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी जाहीर झालं: ३आय/ॲटलास, दुसऱ्या सूर्यमालेतून आलेला तिसरा ज्ञात पाहुणा. चाहुलीपासून ओळख पटेपर्यंत जेमतेम दोन दिवस.

तिकडे चिलीतच रुबिन वेधशाळेने जूनमध्ये पहिल्या प्रतिमा दाखवल्या. दहाएक तासांच्या निरीक्षणात २,१०४ नवे लघुग्रह. एवढ्यांचा पाठलाग करणार कोण, हा पुढचा प्रश्न.


सह्यकडा
६ जुलै, सकाळी ८:२०

उन्हाळ्यात दोन रात्री साधल्या होत्या. सहा लघुग्रह मोजले, पाच विकलाभराच्या आत. सहाव्यात आठ विकलांचा घोळ. बघितलं तर शेजारचा ताराच मोजला होता. तो वगळून पाठवले. कोड आला! बायकोने तीन अक्षरं गच्चीच्या दारावर खडूने लिहिलीत.

हा तिसरा पाहुणा सहा इंचीला झेपेल का?


गच्चीवरचा
६ जुलै, रात्री ९:४५

अभिनंदन! पेढे कुठे आहेत?

आत्ता तो अठराव्या प्रतीच्या आसपास आहे, तुम्हालाही कठीण आणि मलाही. ऑक्टोबरअखेर सूर्याच्या सर्वांत जवळ असेल तेव्हा आपल्याला सूर्याच्या पलीकडे. नंतर पहाटेच्या आकाशात निघेल, तेव्हा उजळलेलाही असेल. तोवर भोरला आषाढ आहे. दुर्बीण प्लॅस्टिकमध्ये, आत सिलिका जेलच्या पुड्या. सासरे रोज विचारतात, "यंदा काय हरवायचंय?"

तक्ता मागवताना जागतिक वेळ, हे दारावर कोडच्या खाली लिहून ठेवा.